ट्रॅक्टर जाईपर्यंत

उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावरून जायला लागला की मी बोलता बोलता थांबते. वर्गात असले तरी थांबते, भाजीवाल्याशी घासाघीस चालली असली तरी थांबते. तोंड अर्धं उघडं, हात हवेत तसाच. नवा रस्ता आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून गेल्यापासून आठवीच्या मुलींना हे पाठ झालं आहे. पुढच्या बाकावरची एखादी मान उंचावून खिडकीबाहेर बघते आणि शेवटची ट्रॉली दिसेनाशी झाली की सांगते, "गेला, मॅडम." मग मी वाक्य पुढे नेते. मुलींना वाटतं, आवाजात ऐकू जाणार नाही म्हणून मॅडम थांबतात. तसंच असेल असं मीही बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

दिवाळी संपली, गळीत हंगाम सुरू झाला की नेवाशाची हवाच बदलते. सकाळी नदीकडून गार वारा येतो, दुपारचं ऊन पाठीला बरं वाटतं आणि संध्याकाळी धूळ, डिझेल आणि ठेचलेल्या उसाचा गोडूस वास सगळीकडे भरून राहतो. रस्त्यावर उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, सांडलेलं असतं आणि त्यापायी शेळ्या गाड्यांपुढे जीव द्यायला तयार असतात. ट्रॅक्टरवाल्यांनी कर्णे लावलेले असतात. गाणं आधी येतं, मग ट्रॅक्टर, मग एकामागे एक दोन ट्रॉल्या, आणि सगळ्यांत शेवटी उसाच्या मोळीवर शाल गुंडाळून बसलेलं तोडणीवाल्यांचं एखादं जोडपं. मला हा हंगाम आवडतो असं मी कधी म्हणत नाही. पण दसरा झाला की कान त्याच्या वाटेकडे लागतात.

यंदा त्याच दिवसांत दामूअण्णांचा फोन आला. दामूअण्णा म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आणि आमच्या हौशी नाटकमंडळींचे लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि रागवणारे, सगळं तेच. म्हणाले, "कमलताई, यंदा स्पर्धेला आपलं कुकरचं नाटक पुन्हा लावू. लोकं अजून इचारत्यात."

"आणि अशोकच्या जागी?"

"संदीप हाय ना, ब्यांकेतला. लई चांगला उभा ऱ्हातो पोरगा."

पोरगा चाळिशी ओलांडलेला आहे. मी म्हणाले, बघते. आणि फोन ठेवून कितीतरी वेळ गॅसजवळ नुसती उभी राहिले. दूध उतू गेलं.

अशोक माझा नवरा होता. मग नव्हता. मग नाटकात माझा माजी नवरा झाला, आणि ती भूमिका त्यानं खऱ्या नवरेपणापेक्षा कितीतरी जास्त वर्षं आणि कितीतरी जास्त मन लावून केली. आता तो नाही. दुकानावरची त्याची पाटी निघाली, त्याच्या भावानं घर भाड्यानं दिलं, मोटारसायकल कुणीतरी घेऊन गेलं. त्याचा एक फोटो माझ्याकडे आहे, पण त्यात तो अशोकसारखा दिसत नाही. तो माझ्याकडे उरला आहे फक्त एका ठिकाणी. त्या नाटकात, दुसऱ्या अंकात, माझं एक वाक्य संपतं आणि त्याचं सुरू व्हायचं असतं, तेवढ्या जागेत. तिथे दुसरा माणूस उभा राहिला तर? आधी एक चेहरा, त्यावर दुसरा चेहरा, आणि मग खालचा काही केल्या आठवेना, असं झालं तर? मला एवढीच भीती होती, आणि अण्णांना ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

आमचं लग्न मोडलं ते कुठल्या मोठ्या कारणानं मोडलं नाही. कुणी कुणाला फसवलं नाही, कुणी दारू पीत नव्हतं. अशोकचं शेतातल्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. हिवाळ्यात रब्बीची पिकं पाण्याला आली की मोटारी जळायच्या, आणि जळायच्या त्या नेमक्या आमच्या जेवायच्या वेळेला. पहिला घास हातात आणि फोन वाजला की तो उठायचा. "आलो, आलो. व्हय, निघालोच." मी ताट झाकून ठेवायचे आणि मग ते ताट निवत बसायचं आणि मी तापत. तो आला की मी बोलायचे. मी बोलले की तो डोक्यात राख घालून घ्यायचा. तो एक बोलला की मी चार. आमच्या भांडणाला विषय लागत नसे, वेळ लागत असे. आळीतल्या बायका म्हणायच्या, कमल आणि अशोकच्या घरी रेडिओ कशाला हवा.

आणि तरी तो बाहेरगावी राहिला तर मला झोप लागत नसे, आणि मी माहेरी गेले की तो तिसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून दारात उभा. मोटारीच्या तारांना लावायच्या वार्निशचा वास त्याच्या शर्टाला कायम असायचा. मी तो वास धुऊन काढायला बघायचे आणि तो धुतला गेला की शर्ट परक्याचा वाटायचा.

संमतीनं घटस्फोट घेतला. नगरच्या कोर्टातून बाहेर पडलो तेव्हा उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी येत होती. परतीची एसटी दोघांना एकच होती. गर्दी अशी की शेजारीशेजारीच बसावं लागलं. मला बस लागते हे त्याला माहीत, म्हणून त्यानं खिडकी मला दिली. मी म्हणाले, मला नको तुमची खिडकी. तो म्हणाला, "बस गुमान, माझ्या अंगावर वकशील." नेवासा फाट्यापर्यंत आम्ही खिडकीवरून भांडलो. समोरच्या सीटवरची म्हातारी वळून कौतुकानं म्हणाली, "नवं लगीन दिसतंय." आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायला लागलो.

नाटकाचं वेड आम्हां दोघांना जुनं. वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात आम्ही लहानपणापासून नाटुकली करायचो, आमची ओळखही तिथलीच. घटस्फोटानंतर दोन्ही घरच्यांनी धरून चाललं होतं की आता एक कुणीतरी मंडळी सोडेल. दोघांनीही सोडली नाही. आणि दामूअण्णांनी, ज्यांना माणसाचं मन सोडून बाकी सगळं कळतं, त्या वर्षी जे विनोदी नाटक लिहिलं ते घटस्फोट झालेल्या जोडप्याचं. उरलंसुरलं सामान वाटून घ्यायला दोघं रिकाम्या घरात येतात आणि एका प्रेशर कुकरवरून भांडतात. अडीच अंक. शेवटी ती म्हणते, चल, भात टाकते.

"हे तुम्ही आमच्यावर लिहिलंय," मी म्हणाले.

"न्हाई हो ताई. तुमच्यात कुठं कुकर हुता?"

होता. पहिल्या तालमीला अशोक तोच घेऊन आला. माझ्या आईनं लग्नात दिलेला, झाकणाच्या कडेला पोचा आलेला. तो माझ्याच हातून पडला होता, आणि त्यावरूनही तेव्हा एक संध्याकाळ गेली होती. वेगळी होताना मी सगळं घेतलं आणि तो नेमका विसरले. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. "नाटकाची प्रॉपर्टी म्हणून आणलाय," तो म्हणाला, "तू लगीच डोळं नको वटारू."

त्या नाटकात मला त्याला अरेतुरे करायचं होतं. लग्नाच्या सगळ्या वर्षांत मी त्याला अहोजाहो केलं, भांडतानासुद्धा. माझ्या तोंडून 'अरे अशोक' पहिल्यांदा निघालं तेव्हा माझे कान लाल झाले. त्याला हसू आवरेना. नंतर मात्र ते तोंडात इतकं बसलं की 'अहो' परत आलंच नाही. आता लिहितानाही तो 'तो'च आहे.

तालमी व्हायच्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. तुळशीच्या लग्नापर्यंत हॉल रिकामा, आणि पुढेही तिथी नसेल त्या संध्याकाळी मालक आम्हांला तो वापरू द्यायचा. नेपथ्य म्हणून नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या. त्यांवर बसून आम्ही कुकर ओढायचो. हॉल अगदी रस्त्यावर होता आणि कारखान्याकडे जाणारे सगळे ट्रॅक्टर तेव्हा गावातून, त्याच रस्त्यानं जायचे. पत्र्याचं छप्पर थरथरायचं. ओरडूनही काही ऐकू यायचं नाही. म्हणून अण्णांनी नियम केला. ट्रॅक्टर आला की जिथे असाल तिथे थांबायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, चेहरा सोडायचा नाही. भांडण जसंच्या तसं धरून ठेवायचं. ट्रॅक्टर गेला की अण्णा म्हणणार, "हं, पुढं." की तिथूनच सुरू.

दुसऱ्या गावांतल्या मंडळींना ही सवय नाही. आमच्याकडे ती सगळ्यांना होती, पण माझी आणि अशोकची पंचाईत वेगळी. बाकीचे थांबायचे तेव्हा कुणी भिंतीकडे, कुणी पायाकडे बघत असायचं. आम्ही भांडत असायचो, त्यामुळे एकमेकांच्या डोळ्यांत बघत थांबायचो. हातभर अंतरावर. दोघांचा हात कुकरच्या कानाला. आणि ट्रॅक्टर हळू जायचे, चढ होता तिथे.

मी त्याला कधी असं बघितलंच नव्हतं. भांडताना माणूस पुढचं वाक्य जुळवत असतो, समोरच्याला कुठे बघतो. आता वाक्यं अण्णांनी लिहिलेली, आणि तीसुद्धा बोलायची नव्हती. मग दिसायला लागलं. डाव्या भुवईतला पांढरा केस. नखांत अडकलेलं वार्निश. रागानं बघता बघता त्याचे डोळे दमायचे, आणि दमले की त्यांत राग राहायचा नाही, नुसता अशोक राहायचा. त्याला माझ्यात काय दिसायचं कोण जाणे. एकदा गाण्याच्या दणदणाटात त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा म्हणाले, "हं, पुढं." त्यानं मनगटानं डोळे पुसले आणि धुळीला शिव्या दिल्या.

ते वाक्यही असंच आलं. मी ओरडते, "हा कुकर माझ्या आईनं मला दिलाय! तुला काय दिलं होतं रे माझ्या आईनं?" यावर अण्णांनी त्याला लिहून दिलं होतं, "एक घड्याळ, ते पण बंद." लोक हसले असते. पण त्या दिवशी माझ्या वाक्यावर ट्रॅक्टर आला. लांबलचक, दोन ट्रॉल्यांचा. तो माझ्याकडे बघत उभा. मी त्याच्याकडे बघत उभी. आवाज ओसरला, अण्णा म्हणाले, "हं, पुढं." आणि अशोक हळू आवाजात म्हणाला, "एक पोरगी दिली होती. ती पण परत नेली."

सगळे पोट धरून हसले. अण्णांनी तिथल्या तिथे घड्याळ खोडलं. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले आणि रस्त्याकडेला, सांडलेल्या वाढ्यावर, शेळ्यांमध्ये उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशी खरोखरचं भांडले. आमच्या घरातलं लोकांपुढे काढलंस म्हणून. तो म्हणाला, "मंग काय, सगळं तुझ्याच पेटीत ऱ्हाऊ द्यायचं व्हय?" मी तालीम सोडून निघाले. तो माझ्या मागे, हातात माझी शाल. भर बाजारात आम्ही असे भांडलो की पावभाजीवाल्यानं गाडी बाजूला घेतली. शाल मी घेतली, पण जणू दुसऱ्याच कुणी दिली अशी. त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी हॉलमध्ये गेले तर माझ्या मखमली खुर्चीवर हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी, देठांना अजून माती लागलेली. कुणी ठेवली ते विचारायचं कारण नव्हतं. तालीमभर आम्ही घाटे सोलून खात भांडलो.

स्पर्धेचा प्रयोग नगरला झाला. मोठं नाट्यगृह, बंद दारं, आवाज टाचणीचाही नाही. दुसरा अंक सुरू झाला, मी ओरडले, "तुला काय दिलं होतं रे माझ्या आईनं?" आणि आम्ही दोघं थांबलो.

ट्रॅक्टर नव्हता. तिथे कुठून येणार ट्रॅक्टर? पण अंगाला सवय. हात कुकरच्या कानाला, डोळे डोळ्यांत, आणि आम्ही दोघं ट्रॅक्टर जायची वाट बघत उभे. विंगेत अण्णा कपाळाला हात लावून बसले. समोरच्या अंधारात आधी कुजबुज झाली, मग तीही थांबली. मला कळत होतं की चूक झाली आहे. त्यालाही कळत होतं. आणि दोघांनाही ती आवरायची नव्हती. मग त्याच्या ओठांचा कोपरा किंचित हलला, आणि तो ते वाक्य बोलला. हसू आधी कुठेतरी मागून आलं, मग सगळीकडून, आणि त्याच्या टाळ्या कधी झाल्या ते मला कळलंच नाही. परीक्षकांनी त्या स्तब्धतेचं खूप कौतुक केलं. अण्णा सांगत सुटले, मी बसवलं होतं.

परत येताना टेम्पोत सामानामध्ये आम्ही दोघं समोरासमोर, मध्ये कुकर. तो झाकणावरचा पोचा बोटानं चाचपत होता. मग म्हणाला, "कमल, ह्ये नाटकात जमतंय. मंग घरात का जमलं न्हाई?"

मी म्हणाले, "घरात ट्रॅक्टर कुठे जात होता?"

तो खूप हसला. पार गाव येईपर्यंत मधूनमधून हसत होता. मीही हसले. पण उतरताना त्यानं कुकर माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "घिऊन जा." मी म्हणाले, "राहू दे, पुढच्या प्रयोगाला लागेल." त्यानं मान हलवली आणि तो परत टेम्पोत ठेवला.

मी परत त्याच्या घरी गेले नाही, आणि त्याची मला खंत नाही. गेले असते तर आम्ही त्याच आठवड्यात ताटावरून भांडलो असतो. एकत्र राहण्याइतके आम्ही बरे नव्हतो आणि एकमेकांशिवाय राहण्याइतकेही नव्हतो. दरवर्षी हंगाम आला की कुठेतरी प्रयोग लागायचा, कोल्हारला, केडगावला, कुणाच्या यात्रेत. तालमी व्हायच्या, ट्रॅक्टर जायचे, आम्ही थांबायचो. वर्षाकाठी एवढं मिळायचं. माणसं पुरं आयुष्य एका घरात काढतात आणि त्यांना एवढंही मिळत नाही, असं मी मनात म्हणायचे. ते खरं होतं की मनाची समजूत, हे अजून ठरलेलं नाही.

तो गेला तो काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, दुकानात, मोटार उघडता उघडता. हंगाम संपलेला होता. मला भाजीवाल्याकडून कळलं. गेले तर खरी, पण उभं कुठे राहायचं ते कळेना. बायकांमध्ये त्याची बहीण रडत होती, तिच्याजवळ जायचा हक्क मी कोर्टात सही करून सोडला होता. मी नाटकवाल्यांच्या घोळक्यात उभी राहिले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भन्तेंनी त्याच्यासाठी वंदना घेतली तेव्हाही, त्यांच्याच सतरंजीवर बसले. कुणीतरी माझी ओळख करून दिली, "या त्यांच्याबरोबर काम करायच्या." मी नमस्कार केला. रडू मला आलं ते दिवाळीनंतर, पहिला ट्रॅक्टर गेला तेव्हा.

तर यंदा मी अण्णांना हो म्हणाले. नाही म्हणता येईना म्हणून असेल, किंवा हॉल एकदा बघायचा होता म्हणून. मखमली खुर्च्या त्याच, मखमल विटलेली. अण्णांनी ट्रंक उघडली आणि कुकर काढला. रबर वाळून तडकलं होतं, पोचा जागेवर होता. रस्ता मात्र ओळखू येईना. ट्रॅक्टर सगळे आमच्या शाळेकडच्या नव्या रस्त्यानं जातात. हॉलपुढे मुलं सायकली फिरवत होती आणि पत्र्यावर कबुतरं चालली तरी ऐकू येत होतं.

संदीपचं पाठांतर चोख. मी ओरडले, "तुला काय दिलं होतं रे माझ्या आईनं?" आणि त्यानं पटकन, बरोबर ठेक्यात म्हटलं, "एक पोरगी दिली होती. ती पण परत नेली." अण्णा हसले. बाकीचे हसले. मी कुकरचा कान सोडून दिला.

"तिथे थांबायचं असतं," मी म्हणाले.

"किती, ताई?"

"ट्रॅक्टर जाईपर्यंत."

संदीपनं अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "आता कुठला ट्रॅक्टर, ताई. ते समदे तिकडनं जात्यात." मग माझ्याकडे बघून संदीपला म्हणाले, "ताई म्हणत्यात तसं कर."

पुन्हा केलं. मी वाक्य बोलले आणि थांबले. संदीपही थांबला. आधी अवघडला, मग ओठ मिटून उभा राहिला. माझा हात कुकरच्या कानाला, त्याचा दुसऱ्या कानाला. मी त्याच्या चेहऱ्यात अशोकला शोधत होते, हे मी कबूल करते. भुवई बघितली. डोळे बघितले. दमलेले होते, पण ते दमणं वेगळं होतं, बँकेतलं, त्याच्या स्वतःच्या घरातलं. त्यात अशोक कुठे नव्हता. तो पुसला गेला नाही, झाकलाही गेला नाही. तो तिथे नव्हता, एवढंच. इतक्या हंगामांत मी धरून ठेवलेल्या जागेवर एक सज्जन माणूस उभा होता आणि मी काय सांगते याची वाट बघत होता.

बाहेरून काहीच गेलं नाही. एक सायकल गेली, घंटी वाजवत. मी थांबले होते, संदीप थांबला होता. पत्र्यावरची कबुतरंसुद्धा थांबल्यासारखी वाटली. मी अण्णांच्या आवाजाची वाट बघत होते. अण्णांनी चष्मा काढला होता आणि ते कुकरकडे बघत बसले होते.

मग मीच म्हणाले, "हं, पुढं."

आणि संदीप, माझ्या डोळ्यांत बघत, हळू म्हणाला, "एक पोरगी दिली होती. ती पण परत नेली."